एस्प्लनेडवरचा वाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आमच्याकडे व्याख्यानाचा विषय मागितला तेव्हा आम्ही 'एस्प्लनेडवरचा वाडा' एवढेच लिहून पाठवले. त्यावर त्यांचे उत्तर आले की, एस्प्लनेडवर दुकाने आहेत, ट्रामचा अड्डा आहे, मेट्रोचे स्थानक आहे; वाडा कोठला? त्यांची शंका अगदी रास्त होती. आपण कलकत्तेकर मराठी माणसे कामाकाठी एस्प्लनेडला उतरतो, धरमतल्याच्या गर्दीत मिसळतो आणि उत्तरेस झाडांच्या आड उभ्या असलेल्या त्या विस्तीर्ण पांढऱ्या इमारतीकडे मान वळवून पाहतही नाही. एखाद्या कमानीवरचा सिंह बसमधून ओझरता दिसतो आणि मागे पडतो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच केले. त्या वाड्याचा आपल्याशी, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांशी, काय संबंध आहे हे ध्यानी यावयास मात्र एक निमित्त घडावे लागले.

ते निमित्त असे. आम्ही या शहरात नवे होतो तेव्हा शेजारच्या बंगाली कुटुंबातील आजीबाई संध्याकाळी नातवाला झोपवीत असत. त्यांच्या अंगाईत 'बर्गी' हा शब्द कानी पडे. अर्थ विचारला तेव्हा त्या थोड्या संकोचल्या आणि मग हसून म्हणाल्या, "अहो, बर्गी म्हणजे तुम्हीच की!" बारगीर या आपल्या शब्दाचे ते बंगाली रूप. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत राहिल्या. त्यांची धास्ती पाळण्यापर्यंत पोहोचली आणि तेथेच राहिली. ज्या मोहिमांचा उल्लेख आम्ही शाळेत छाती फुगवून वाचला होता, त्या येथे लेकराला भिववण्यासाठी कामी येत होत्या. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही, हे कबूल करावयास हरकत नाही. मग आम्ही या शहरात मराठ्यांच्या खुणा शोधू लागलो, आणि तो शोध फिरतफिरत एस्प्लनेडवरच्या या वाड्यापाशी येऊन थांबला.

पहिली खूण म्हणजे मराठा खंदक. १७४२ मध्ये भोसल्यांचे स्वार येणार या भीतीने येथील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. स्वार कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. अर्धवट खणलेला तो चर पन्नासाहून अधिक वर्षे कचरा, चिखल आणि डास यांचे माहेरघर होऊन पडला होता. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज त्या रस्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसू आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत. हे १७९९ साल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी, ५ फेब्रुवारीस, एस्प्लनेडवर एका नव्या इमारतीची कोनशिला बसली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला त्यांची भीती आता उरली नाही, असे ज्याला वाटत होते तोच ही इमारत उभारीत होता.

त्याचे नाव रिचर्ड वेलस्ली. गव्हर्नर-जनरल. जन्माने आयर्लंडचा, 'सेंट पॅट्रिक' या नाइटांच्या पंथाचा १७८३ पासूनचा सभासद, आणि दिमाखाची हौस अंगी पुरेपूर. तोवर गव्हर्नर-जनरल चितपूरच्या नबाबाच्या मालकीच्या भाड्याच्या घरात राहत. श्रीमंत व्यापाऱ्यांची घरे त्या घराहून चांगली होती. वेलस्लीला हे मानवले नाही. त्याच्या पाहुण्यांपैकी लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाच्या प्रवाशाने पुढे या बांधकामाची बाजू मोठ्या हिरिरीने मांडली. हिंदुस्थानवरचे राज्य पेढीवरून चालत नाही, त्याला महाल लागतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. कंपनीच्या लंडनमधील संचालकांना मात्र हिशेब कळत होता. इमारतीच्या खर्चाचा ६३,२९१ पौंड हा आकडा नेहमी सांगितला जातो. जमीन आणि सामानसुमान धरले तर एकूण खर्च त्याच्या दुपटीहून बराच अधिक होतो. वेलस्लीवर उधळपट्टीचा ठपका आला आणि १८०५ मध्ये त्याला परत जावे लागले. बराकपूरला त्याने आणखी एक महाल आरंभला होता, तो संचालकांनी अर्ध्यावरच थांबवला. बांधणाऱ्याचे पाय अंथरुणाबाहेर गेले की पेढीवाल्यांचे डोळे कसे उघडतात, ते पुणे-नागपूरच्या सावकारांनाही ठाऊक होते!

आता वाड्याकडे वळू. आधी एस्प्लनेड या शब्दाविषयी. किल्ला आणि शहर यांच्यामध्ये तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी सोडलेली जी सपाट जागा, तिला ते लोक एस्प्लनेड म्हणत. प्लासीनंतर जुना किल्ला सोडून गोविंदपूरच्या बाजूस नवा फोर्ट विल्यम बांधण्यात आला आणि त्याच्याभोवतीचे रान साफ करण्यात आले. तेच आपले मैदान. त्या मैदानाच्या उत्तर कडेला, दक्षिणेचा वारा अडवावयास मध्ये काहीही नाही अशा जागी, हा वाडा बसवला आहे. कलकत्त्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला या एका निवडीचे मोल सांगावयास नको.

आराखड्यासाठी दोघांनी नकाशे दिले. एक एडवर्ड तिरेत्ता, कंपनीचा वास्तुकार, मूळचा व्हेनिसकडला. तिरेट्टा बाजार त्याच्याच नावाचा. दुसरा बंगाल इंजिनियर्समधील कॅप्टन चार्ल्स वायट. वायटचा नकाशा पसंत पडला. त्याने काही शून्यातून कल्पना काढली नव्हती. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात केडलस्टन नावाचे एक हवेलीवजा घर आहे. कर्झन घराण्याचे. रॉबर्ट अॅडम या नामांकित वास्तुकाराचा हात त्याला लागलेला, आणि वायट घराण्यातीलच सॅम्युअल वायट याने तेथे बांधकामावर देखरेख केलेली. म्हणजे त्या घराचे नकाशे चार्ल्स वायटला घरचेच होते म्हणावयाचे. मधोमध मोठा चौकोनी खंड, त्याच्या चारही कोपऱ्यांतून निघणारे धनुष्याकृती वळणदार सोपे, आणि प्रत्येक सोप्याच्या टोकाला एकेक स्वतंत्र घर, अशी केडलस्टनची मूळ योजना होती. तेथे चारांपैकी दोनच घरे उभी राहिली. दक्षिणेकडची दोन कागदावरच राहिली. कलकत्त्यात मात्र चारही झाली. म्हणून डर्बीशायरच्या मालकाला जे साधले नाही ते पाहावयाचे असेल तर एस्प्लनेडला यावे लागते.

या नकलेत एक गंमत आहे. थंड मुलुखासाठी आखलेला नकाशा उष्ण मुलुखात अधिक शोभून दिसावा, असे सहसा घडत नाही. येथे घडले. चार घरे मुख्य खंडापासून वेगळी असल्यामुळे प्रत्येकाच्या चारही अंगांनी वारा खेळतो. आपल्याकडे वाड्यात चौक ठेवतात तो उजेड आणि वारा आत घ्यावा म्हणून. येथे चौक उलटा करून बाहेर मांडला आहे, असे आम्हांस वाटते. शनिवारवाड्याचे जोते पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच उमगेल. तिकडे भिंत आणि बुरूज बाहेर, जगणे आत. इकडे भिंतच नाही. लोखंडी कठडा, हिरवळ, आणि लांबून दिसणारा पांढरा दर्शनी भाग. पेशव्यांच्या वाड्याला शत्रूपासून राखावयाचे होते. या वाड्याला लोकांच्या नजरेत भरावयाचे होते.

उत्तरेचे दर्शन मुख्य. पायऱ्यांची रुंद चढण, वर उंच खांबांची देवडी. पायऱ्यांच्या तळाशी पितळी चिनी तोफ आहे, पंख असलेल्या अजगराच्या पाठीवर बसवलेली. १८४२ मध्ये नानकिंगहून आणलेली ही लूट लॉर्ड एलेनबरोने तेथे मांडली. दक्षिणेच्या बाजूस मधला भाग अर्धवर्तुळात पुढे आलेला असून त्यावर खांबांची ओळ आणि डोक्यावर घुमट आहे. हा घुमट नंतरचा आणि शोभेचा. त्याच्या खाली घुमटाकार दालन असेल असे समजून आत गेलेल्याची निराशा होईल. आत संगमरवरी दालन आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस रोमन सम्राटांचे बारा अर्धपुतळे. पलीकडे सिंहासनाची खोली. वरच्या मजल्यावर नृत्याचे दालन.

आता खांबांविषयी सांगावयाचे तर केडलस्टनच्या दालनातील खांब खऱ्या अलाबास्टर दगडाचे आहेत, त्याच परिसरातल्या खाणीतून काढलेले. बंगालात दगड कोठून आणावयाचा? येथील माती गाळाची. म्हणून खांब विटांचे रचले, आणि त्यांवर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असा घोटला की पाहणाऱ्याला संगमरवराचा भास व्हावा. मद्रासकडे या घोटीव गिलाव्याची मोठी ख्याती होती. हे काम ज्या हातांनी केले त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत. तुळतुळीत खांबावरून हात फिरवला तर तो थंड लागतो. आत वीट आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. साम्राज्याच्या दरबाराला एवढे पुरेसे होते.

गैरसोयींचीही दखल घेतली पाहिजे, कारण राहणाऱ्यांनी ती फार घेतली आहे. बाहेर एवढी मोठी पायऱ्यांची चढण, पण आत शोभेसा मध्यवर्ती जिना नाही. कोपऱ्यांतल्या जिन्यांनी वर जावयाचे. स्वयंपाकघर तर वाड्यातच नव्हते. कुंपणाबाहेर पलीकडच्या गल्लीत अन्न शिजे आणि झाकलेल्या पेट्यांतून नोकर ते रस्ता ओलांडून आणीत. लेडी डफरिन यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत यावर मजेदार तक्रार केली आहे. आमच्या भगिनीवर्गाने विचार करावा: घरात साठ खोल्या, पण चूल शेजारच्या आळीत! पुढे एकेक सुधारणा होत गेली. १८६३ मध्ये लॉर्ड एल्गिनच्या काळी गॅसचे दिवे आले, १८७२ मध्ये नळाने गरम पाणी, १८९२ मध्ये पिंजऱ्यासारखी लिफ्ट. हिंदुस्थानातील ती पहिली लिफ्ट मानतात. वीज आणली ती लॉर्ड कर्झनने.

आणि येथे योगायोग असा की ज्या कर्झन घराण्याच्या घराची ही नक्कल, त्याच घराण्यात जन्मलेला मुलगा १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन या नकलेत राहावयास आला. त्याचे बालपण मुळात गेले आणि कर्तृत्वाचा काळ प्रतिमेत. त्याने कठड्यावर केडलस्टनसारखे दगडी कलश बसवले, जुने कागद धुंडाळले, आणि या घराचा व त्यात राहून गेलेल्यांचा दोन खंडी इतिहास लिहिला. तो १९२५ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. फाळणीमुळे बंगाली माणसाच्या मनात त्याचे जे स्थान आहे ते आहे. पण दगडविटांवर त्याचे प्रेम खरे होते, एवढे न्यायाने म्हटले पाहिजे. वाड्याविषयी आपल्याला जे बारकाईने ठाऊक आहे त्यातले पुष्कळ त्याच्यामुळे.

असो. आता आपल्या संबंधाकडे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तहावर सही केली. पुण्याच्या गादीची सूत्रे त्या दिवशी कंपनीच्या हाती गेली. पुरते चार आठवडेही झाले नाहीत तोच, २६ जानेवारी १८०३ रोजी, या नव्या वाड्यात वेलस्लीने मोठा समारंभ केला. निमित्त युरोपातील आमियांच्या तहाचे. व्हॅलेन्शिया त्या रात्री हजर होता. दिवे लागले, दारूकाम झाले, नाच झाला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या रणावर वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर याने शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. १ नोव्हेंबरला लासवारी, २९ नोव्हेंबरला आडगाव. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी सही केली. बर्ग्यांच्या स्वाऱ्या संपवण्यासाठी १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने ज्या ओरिसावर पाणी सोडले होते, तो ओरिसा बावन्न वर्षांनी भोसल्यांच्या हातून गेला. जेथून या मोहिमांचे हुकूम सुटले, ते घर नुकतेच लिंपून झाले होते. या वर्षाच्या कामगिरीबद्दल १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीला 'बाथ' पंथाचा नाइट करण्यात आले. आपल्या पराभवातून निघालेला हा पहिला मोठा किताब.

नाइट म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मुळात चिलखत घालून राजासाठी लढणारा घोडेस्वार सरदार. पुढे चिलखत गेले, नावामागे 'सर' आणि छातीवर पदक राहिले. एका राजाच्या नावे अशा सरदारांचा जो संघ, त्याला पंथ म्हणावे, इंग्रजीत ऑर्डर. सत्तावन्नच्या उठावानंतर राणीच्या सरकारला वाटले की संस्थानिकांना तलवारीपेक्षा ताऱ्याने बांधून ठेवावे. म्हणून २३ फेब्रुवारी १८६१ रोजी 'ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया' स्थापन झाली. आपल्याकडे तिला सितारे हिंद म्हणत. व्हाइसरॉय हा पदसिद्ध ग्रँड मास्टर, या पंथाचा मठाधिपतीच म्हणा ना. १८७८ मध्ये 'इंडियन एम्पायर' हा दुसरा पंथ निघाला, त्याचाही ग्रँड मास्टर तोच. तेव्हा १८६१ पासून १९१२ मध्ये राजधानी दिल्लीस हलेपर्यंत, हिंदुस्थानातील नाइटांच्या मुखियाचे हिवाळ्यातले घर म्हणजे एस्प्लनेडवरचा हा वाडा होय. आजच्या व्याख्यानाचा विषय निवडताना आमच्या मनात हेच होते.

पहिल्या नाइटांची यादी १८६१ च्या जूनमधली. ती वाचताना आम्ही थबकलो. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे. इंदूरचे तुकोजीराव होळकर. बडोद्याचे खंडेराव गायकवाड. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी असईला ज्यांच्या तोफा बंद पडल्या, त्या शिंद्यांचा वारस आता विजेत्यांच्या पंथात पहिल्या रांगेत. त्याच यादीत सर ह्यू रोज, झाशीला वेढा घालणारा. भोपाळच्या सिकंदर बेगमही त्यात होत्या. स्त्री असून नाइट, हे इंग्रजांनाही नवलाचे होते. पंथाची पदके मानकऱ्याच्या मृत्यूनंतर परत करावी लागत, असा नियम होता. वतन वंशपरंपरेने चालते हे पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसलेल्या आपल्या सरदारांना तो नियम कसा वाटला असेल? किताबाने गादी टिकते असेही नव्हते. खंडेरावांच्या मागून आलेल्या त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले. त्याच वर्षाअखेर युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा याच वाड्यात उतरला आणि १ जानेवारी १८७६ रोजी समोरच्या मैदानावर तंबू ठोकून सितारे हिंदचा मोठा मेळावा भरला.

जयाजीरावांचे दिवाण दिनकरराव राजवाडे हे रत्नागिरी जिल्ह्यातले. १८६२ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळात प्रथमच तीन हिंदी सभासद घेतले, त्यांपैकी ते एक. १८६६ मध्ये ते 'सर' झाले. कोकणातल्या गावाहून निघालेला माणूस ग्वाल्हेरमार्गे कलकत्त्यास पोहोचतो, ही वाट आपल्या सभेतील कित्येकांना ओळखीची वाटेल.

चाळीस वर्षांनी दुसरा एक कोकणातला माणूस या वाड्यात आला. त्या काळी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाच्या बैठकी हिवाळ्यात या घरातच होत. कार्यवृत्ताच्या आरंभी तशी नोंदच असे. २६ मार्च १९०२ रोजी अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, भोवती लष्करी आणि मुलकी अधिकारी, आणि त्यांच्यापुढे अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले गोपाळ कृष्ण गोखले. वय पस्तीस. मंडळात हिंदी सभासद मूठभर, मतदानाचा प्रश्नच नाही. सगळे सभासद खजिन्यातील शिलकीबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी आकडे हाती घेऊन दाखवले की, देश दुष्काळाने पोळलेला असताना ही शिल्लक म्हणजे भरभराटीची खूण नव्हे. रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची ती खूण आहे. मीठपट्टीचा प्रश्न त्यांनी लावून धरला. दुसऱ्याच वर्षी मिठावरचा कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर नाही. पण घोटीव चुन्याच्या त्या खांबांमध्ये रयतेच्या मिठाचा हिशेब प्रथम इतक्या नेमकेपणाने मांडला गेला तो आपल्या भाषेच्या माणसाकडून, हे खरे.

त्याच दिवसांत गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर पाहुणे होते. कर्झनच्या दरबाराला निघालेले संस्थानिक त्यांनी पाहिले. एरवी साध्या बंगाली धोतरात वावरणारी ही माणसे दरबाराच्या दिवशी अंगभर मोती आणि जवाहीर लेवून निघत. गांधीजींना त्यांची कीव आली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

आणखी एक प्रसंग. १९०४ च्या विश्वविद्यालय कायद्यावर याच मंडळात चर्चा झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यासाठी नेमलेले सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. गोखल्यांनी कडाडून विरोध केला. दोघेही पुण्याचे, दोघेही शिक्षक, एकमेकांचा आदर राखणारे. शनिवार-सदाशिव पेठेतला वाद एस्प्लनेडवर रंगला म्हणावयाचे! मराठी माणसे दूरदेशी गेली तरी आपसांत वाद घालण्याचे सोडीत नाहीत, हे मंडळाच्या वार्षिक सभेला हजर राहणाऱ्यांना सांगावयास नको. आम्हांस मात्र त्यात एक समाधान वाटते. कर्झनसमोर दोन मराठी माणसे दोन स्वतंत्र मतांनी बोलली, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे.

भांडारकर १९११ मध्ये 'सर' झाले. ज्ञानाला मिळालेला मान म्हणून त्यांनी तो घेतला. आम्ही त्यांस नावे ठेवणार नाही. गोखल्यांना १९०४ मध्ये 'इंडियन एम्पायर' पंथातले सी. आय. ई. हे खालचे पद मिळाले होते. त्यात 'सर' लागत नसे. १९१४ मध्ये त्याच पंथातले नाइटपद देऊ करण्यात आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. गाजावाजा केला नाही, सभा घेतली नाही. पुढच्या वर्षी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ते वारले, शेवटपर्यंत नुसते गोखले म्हणूनच.

तोवर वाड्याचा मालकही बदलला होता. १९१२ पासून तेथे व्हाइसरॉयऐवजी बंगालचा गव्हर्नर राहू लागला. २९ जानेवारी १९१४ रोजी गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल याने याच घरात रवींद्रनाथ ठाकुरांना नोबेल पारितोषिकाचे पदक दिले. १९१५ मध्ये रवींद्रनाथांना नाइटपद मिळाले आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ च्या मेअखेर त्यांनी ते परत केले. त्या पत्राची हकीकत बंगालात पोरासोरांना ठाऊक आहे. गोखल्यांचा नकार मात्र महाराष्ट्रातही फारसा कोणी सांगत नाही. आम्ही शेजारच्या त्या आजीबाईंना तो सांगितला होता. त्या गोखल्यांना ओळखत होत्या. बंगालची त्यांनी केलेली स्तुती त्यांच्या वडिलांच्या तोंडी असे. तो बर्ग्यांच्या देशाचा होता, हे मात्र त्यांच्या ध्यानात कधी आले नव्हते. "म्हणजे तोही बर्गीच?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतून आमच्यासाठी संदेश घेऊन आल्या.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी राजगोपालाचारी तेथे राज्यपाल म्हणून आले, त्या दिवशी लोकांचे लोंढे फाटकातून आत घुसले. संगमरवरी दालनात, गाद्यांवर, जिन्यांत माणसेच माणसे. कोणी आठवण म्हणून हाताला लागेल ते उचलून नेले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या अठराव्या कलमाने किताब रद्द झाले. वेलस्लीच्या दिव्यांच्या रात्रीची तीच तारीख होती; दीडशे वर्षांना तीन कमी. सितारे हिंदचा शेवटचा नाइट, अलवरचे महाराज तेजसिंह, २००९ मध्ये वारले. केडलस्टन १९८७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे गेले. आपल्या राजभवनाचे नाव २०२५ च्या अखेरीस 'लोकभवन' असे झाले.

आपणांपैकी ज्यांना हा वाडा नीट पाहावयाचा असेल त्यांनी दक्षिणेच्या बाजूने जाऊ नये. झाडांमुळे काही दिसत नाही. एस्प्लनेडच्या स्थानकातून बाहेर पडावे. १९८४ च्या ऑक्टोबरात देशातली पहिली मेट्रो येथूनच भवानीपूरला धावली. तेथून कठड्याला वळसा घालीत उत्तरेच्या फाटकासमोर यावे. सकाळची वेळ बरी. उन्हाने चुना फार चमकत नाही. पायऱ्या, खांब आणि चिनी तोफ तेथून सरळ समोर दिसतात.